दोन नंबरच्या लेनची रिकामी फेरी

१

मी लॉकर उघडला. पिशवी होती. पिशवीत रिकामा डबा होता, स्वेटर होता. वही नव्हती.

मी स्वेटर झटकला, पिशवी उलटी केली, डब्याचं झाकणसुद्धा उघडून पाहिलं. एवढी मोठी वही डब्यात मावत नाही हे मलाही कळतं. पण हत्ती हरवला की माणूस गाडग्यातही हात घालून बघतो, त्यातली गत.

"काय रे पैलवान, काय शोधतोस?" मागून स्टोअरच्या ताईंनी विचारलं. माझ्या अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून ऑफिसात मला काडीपैलवान म्हणतात. लाडात आले की नुसतंच पैलवान.

"वही गेली, ताई."

ताईंच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. त्या वहीत काय होतं ते आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

आम्ही लिफ्ट दुरुस्त करणारी माणसं. दहा दिवसांपूर्वी आमच्या देखभालीतली एक लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून घसरली आणि आत असलेल्या एका शिक्षिकेचे दोन्ही पाय मोडले. त्या लिफ्टवर शेवटचं काम माझं. रजिस्टरला सही माझी. त्यामुळे उद्या सकाळी दहाला चौकशी होती तीही माझीच. ब्रेकचं लायनिंग झिजलंय, हे मी दीड महिन्यापूर्वी सांगितलं होतं, याचा पुरावा म्हणजे ती वही. आमच्यात पद्धत अशी, की मिस्त्रीनं दोष आपल्या वहीत लिहायचा, वरच्यानं खाली 'पाहिले' म्हणून सही करायची आणि नव्या भागासाठी चिठ्ठी वर साहेबांकडे आणि तिथून स्टोअरला पाठवायची. मी लिहिलं होतं, सही झाली होती. पुढे चिठ्ठी कुठे गडप झाली कुणास ठाऊक. वही नसेल तर मी कुणाला काही बोललोच नाही, असं होणार होतं. म्हणजे परवाना गेला, नोकरी गेली, कदाचित तुरुंगही. घरी पाच वर्षांची मुलगी. बायकोनं सकाळीच बजावलं होतं, "आजचा दिवस वही हातातून सोडू नका."

आणि मी ती सोडली होती. या तळघरातल्या बोलिंग हॉलमध्ये, चेंडू ढकलून पिना पाडण्याच्या नादात!

वही गेली म्हणून ओरडत जिन्याकडे धावलो तर शटर खाली, आणि शटरसमोर खुर्ची टाकून मावशी बसल्या होत्या.

"किल्ली माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "आणि आता कुणी बाहेर जायचं नाही."

२

मावशी म्हणजे त्या हॉलच्या काउंटरवरच्या. खेळायचे जोडे द्यायचे, आपले जोडे ठेवून घ्यायचे, लॉकरच्या किल्ल्या वाटायच्या, हे त्यांचं काम. किल्ली घेताना वहीची आणि उद्याच्या चौकशीची सगळी गोष्ट मी त्यांना सांगितली होती. सोमवारी हॉल बंद असतो. साहेबांनी ओळख काढून दोन तासांसाठी उघडायला लावला होता, म्हणून दुसरं गिऱ्हाईक नाही, मशीनवाला सुट्टीवर, आणि शटर आतून ओढलेलं.

खेळायला आणायची कल्पनाही साहेबांचीच. "अपघातानंतर सगळे सुतकी चेहरे करून बसलेत, वातावरण हलकं करू या." ज्याची मान सुळावर, त्याला कसलं डोंबलाचं हलकं वाटणार? पण साहेब म्हणाले चला, की चला. आम्ही चौघं आलो. मी, साहेब, स्टोअरच्या ताई आणि अण्णा.

अण्णा आमचे मोठे मिस्त्री. वयाच्या सतराव्या वर्षी मला पाना धरायला त्यांनी शिकवलं. वडिलांनी मला जन्म दिला, पण पोटाला लावलं ते अण्णांनी, हे मी कुणालाही सांगतो. निवृत्तीला आठ महिने राहिले होते त्यांचे. वहीत सही होती ती त्यांचीच. मी सांगितलं, त्यांनी सही केली, चिठ्ठी साहेबांकडे दिली आणि साहेबांनी खर्च नको म्हणून दाबून ठेवली. मी तरी असंच धरून चाललो होतो.

साहेब तणतणत आले. "ओ बाई, हा काय तमाशा आहे? शटर उघडा. मला आठ वाजता एके ठिकाणी पोचायचंय."

"पोचाल की," मावशी म्हणाल्या. "बावीस वर्षं झाली, माझ्या लॉकरमधून रुमालसुद्धा गेलेला नाही. आज वही गेली. उद्या हा गरीब फासावर चढला तर लोक म्हणतील, कुठून गेली? मावशीच्या लॉकरमधून. जायचं असेल तर वही आणून द्या आणि जा."

"मी मालकांना फोन करेन!"

"करा. इथे रेंज येत नाही."

साहेबांनी काढलेला फोन परत खिशात घातला. अण्णा बाकावर बसले होते, हातातला चेंडू पुसण्याचा रुमाल घडी करत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते म्हणाले, "मिळेल रे," आणि पुन्हा घडी मोडून घालू लागले.

वर रस्त्यावरचा आवाज नाही, खिडकी नाही. छताला लावलेल्या नळ्यांचा पांढरा उजेड आणि सहा लेनच्या मागे घरघरणारी मशीनं. माझा सगळा जन्म अडकलेल्या लिफ्टमधून लोकांना बाहेर काढण्यात गेला. आत अडकल्यावर कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. श्वास पुरत नाही, आणि प्रत्येकाकडे बघून वाटतं, यानंच बटण दाबलं असेल.

"तुझी किल्ली कुठे होती?" मावशींनी मला विचारलं.

मी मान खाली घातली. किल्ली मनगटाच्या पट्ट्याला असते. चेंडू फेकताना पट्टा टोचत होता म्हणून मी ती काढून टेबलावर ठेवली होती, सगळ्यांच्या मधोमध.

"शाबास!" मावशी म्हणाल्या. "म्हणजे चोराला कष्टसुद्धा पडले नाहीत."

३

मावशींनी आधी सगळ्यांच्या पिशव्या बघितल्या. मग स्वच्छतागृह, कचऱ्याचे डबे, जोड्यांचे खण. वही कुठेच नव्हती. मग त्यांनी प्रत्येकाला समोर बसवलं.

लॉकरची भिंत हॉलच्या कोपऱ्यावरून आत वळलेल्या बोळात होती. बोळ पुढे स्वच्छतागृहाकडे आणि तिथून लेनच्या मागच्या बाजूला जात होता. साडेसहाला मी एकदा लॉकर उघडून वही असल्याची खात्री केली होती. सव्वासातला ती नव्हती. मधल्या पाऊण तासात बोळात गेलं कोण, एवढाच प्रश्न होता.

"मी नाही," ताई म्हणाल्या. "मी आल्या आल्या एकदा जाऊन आले. नंतर या पैलवानाचे चेंडू लेनच्या कडेच्या नालीत जाताना बघून हसत बसले होते."

"खरंय," मावशी म्हणाल्या. "मी बघितलंय. पण बाई, तुम्हाला त्या वहीचं भय होतं की नाही? चिठ्ठी स्टोअरलाच येते ना?"

ताई भडकल्या. "माझ्याकडे चिठ्ठी आली असती तर त्याच दिवशी लायनिंग काढून दिलं असतं. दोन जोड फळीवर पडून आहेत, धूळ खात! मला चिठ्ठी आलीच नाही."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. भाग फळीवर होता! आमच्या ऑफिसपासून तीन मजले दूर. मी साहेबांकडे असं बघितलं की ते खुर्चीत सरकून बसले.

"साहेब, तुम्ही?"

"मी शटरजवळ फोनवर होतो."

"शटरजवळ मी होते," मावशी म्हणाल्या. "तुमचा शर्ट एवढा पिवळा आहे की दिसला नाही असं व्हायचं नाही."

साहेबांना घाम फुटला. मग हळूच म्हणाले, "स्वच्छतागृहात. झरोक्याखाली थोडी रेंज येते. वकिलांशी बोलत होतो."

"कशाबद्दल?"

ताईच म्हणाल्या, "आणखी कशाबद्दल? उद्या सगळं याच्यावर कसं ढकलायचं त्याबद्दल."

साहेबांनी नाही म्हटलं नाही. वर म्हणाले, "कंपनी वाचली तर बाकीच्यांच्या नोकऱ्या वाचतात. पण वही मी घेतली नाही. आईशप्पथ." मी उठलो होतो, ताईंनी माझा हात धरून खाली बसवलं.

अण्णांनी सांगितलं ते एका वाक्यात. "तोंडावर पाणी मारायला गेलो होतो." त्यांचं कपाळ खरंच ओलं होतं. पण तोंड धुऊन आता अर्धा तास होऊन गेला होता.

मावशींनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि मग विषयच बदलला. "तुमची दोन नंबरची लेन मधेच बंद पडली होती ना? कधी?"

"सातला दहा कमी असताना," ताई म्हणाल्या. "मला आठवतंय, कारण या बिचाऱ्यानं जन्मात पहिल्यांदा दहाच्या दहा पाडल्या आणि पडद्यावर आकडा यायच्या आत आमची लेन काळीठिक्कर, बाकीच्या पाच चालू. आम्ही दोघं बोंबललो. दीड-दोन मिनिटांनी आलं परत."

"तेव्हा हे दोघं?"

"दोघंही नव्हते. साहेब नंतर आले, मग अण्णा."

"आणि लेन परत चालू झाल्यावर काय झालं?"

ताई हसल्या. "भुताटकी! मशीननं दहा पिना मांडल्या, कुणी चेंडू टाकला नाही, काही नाही, तरी दांडा खाली आला आणि सगळ्या झाडून नेल्या. मग परत नव्या मांडल्या. मी म्हटलं, भूत एक डाव खेळून गेलं."

मावशी उठल्या. "पैलवान," त्या म्हणाल्या, "जरा इकडे ये."

४

त्यांनी मला लेनच्या मागे नेलं. एका ओळीत सहा मशीनं, पट्टे फिरताहेत, वंगणाचा वास. वासानं मला घरी आल्यासारखं वाटलं. भिंतीवर सहा स्विच, खालची नावं केव्हाच पुसलेली.

"नीट ऐक," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "सहापैकी एकच लेन बंद पडली. म्हणजे वीज गेली नव्हती, कुणीतरी इथला स्विच बंद केला. इथे काही लपवायला जागा नाही, पण मशीनच्या पोटात आहे. आता मला सांग, आमचा मशीनवाला पिन अडकली की मशीन चालू असतानाच हात घालतो. बारा वर्षं मी त्याच्या नावानं खडे फोडतेय. लोक घाईत स्विच बंद करत नाहीत. चोर तर नाहीच करणार. या चोरानं केला. आणि काम झाल्यावर या हिरव्या बटणावर मशीन एकदा रिकामं फिरवलं. कशाला?"

मला उत्तर माहीत होतं.

दुरुस्ती झाली की लिफ्टमध्ये लगेच माणूस घ्यायचा नाही. आधी एक रिकामी फेरी, वर आणि खाली. आणि कुठल्याही यंत्रात हात घालण्याआधी स्विच बंद, मग तुमच्या घराला आग लागली असली तरी. पहिल्याच दिवशी अण्णांनी मला हे शिकवलं होतं, आणि मी एकदा विसरलो तेव्हा कानाखाली जाळ काढला होता. साहेबांनी आयुष्यात यंत्राला हात लावलेला नाही. त्यांना हे कुठून सुचणार?

"तुम्ही लोक असं करता का?" मावशींनी विचारलं.

तोंड उघडलं तर अण्णा जाणार. मिटलं तर मी. देवा, असा पेच वैऱ्यावरही आणू नकोस! एकाच क्षणात माझ्या मनात आलं, साहेबांवरच जाऊ दे की. त्यांची लायकी तीच आहे.

"नाही," मी म्हणालो. "मला काही माहीत नाही."

मावशींनी माझ्या तोंडाकडे बघून सुस्कारा टाकला. "बरं," त्या म्हणाल्या. "बोलाव सगळ्यांना."

५

सगळे मागे आले. अण्णा शेवटी, भिंतीला हात लावत.

"वही दोन नंबरच्या मशीनच्या आत आहे," मावशी म्हणाल्या. "साहेब, तुम्ही काढा."

"मी का?"

"तुमच्यावर संशय आहे म्हणून. काढा, आणि मोकळे व्हा."

साहेबांनी बाही वर केली, जीव मुठीत धरून पुढे झाले आणि फिरत्या पट्ट्याच्या फटीत सरळ हात घालायला गेले.

"हात मागे!"

असा आवाज मी पंधरा वर्षांत ऐकला नव्हता. अण्णा झेपावले, एका हातानं साहेबांची कॉलर मागे ओढली, दुसऱ्यानं भिंतीवरचा स्विच खाली दाबला. मशीन घरघरत थांबलं. "आधी स्विच! किती वेळा सांगायचं, आधी स्विच!" ते ओरडत होते, आणि ओरडता ओरडता त्यांना कळलं. हात स्विचवर तसाच राहिला.

मावशींनी मशीनच्या कडेच्या, ते थांबवायच्या लाल बटणावरून आपलं बोट काढलं. त्या साहेबांचा हात जाऊ देणार नव्हत्या, पण वाट बघणार होत्या.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "सहा स्विच आहेत, नावं नाहीत. मागून बघितलं की सगळं उलटं होतं, दोन नंबरची लेन इथे पाचवी येते. बावीस वर्षांनंतरही मला बोटं मोजावी लागतात. तुम्ही न बघता बरोबर पाचवा दाबलात. कारण आज एकदा मोजून झालं होतं."

ताईंनी तोंडावर हात ठेवला. मी थांबलेल्या मशीनमध्ये हात घातला. सांगाड्याच्या आतल्या पट्टीवर वही ठेवलेली होती. नीट, तेल लागणार नाही अशी.

"फाडून का नाही टाकलीत?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"तुझं अक्षर होतं," अण्णा म्हणाले. "हात झाला नाही."

"चिठ्ठी साहेबांकडे गेली होती ना? सांगा ना अण्णा. यांनीच दाबली ना?"

अण्णांनी मान हलवली. "चिठ्ठी मी लिहिलीच नाही."

६

ते तिथल्याच एका उलट्या खोक्यावर बसले आणि बोलत राहिले, आमच्याकडे न बघता.

चिठ्ठी पाठवण्याआधी मोठ्या मिस्त्रीनं स्वतः वर जाऊन दोष बघायचा, असा नियम. लिफ्टची मशीनरूम गच्चीवर, त्याला उभी लोखंडी शिडी. अण्णांचे गुडघे वर्षभरापासून शिडी चढत नव्हते. कुणाला कळलं तर आठ महिने आधीच घरी बसवतील, म्हणून ते खालीच थांबत आणि वर जाऊन आलो असं सांगून सही करत. इतर वेळी निभावलं. या वेळी वहीत सही केली, पण चिठ्ठीवर 'वर जाऊन पाहिलं' असं खोटं लिहायला मन होईना आणि वर जाता येईना. उद्या जातो, परवा जातो, गोळी घेऊन जातो. असा दीड महिना गेला.

"त्या बाईंना बघायला मी दवाखान्यात गेलो होतो," अण्णा म्हणाले. "दारातूनच परत आलो."

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही एकदमच, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता. "मला सांगायचं होतंत," मी ओरडलो. "मी चढलो असतो तुमच्या जागी! पाठीवर घेऊन गेलो असतो! माझ्या मुलीच्या तोंडातला घास काढताना काही वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटलं," ते म्हणाले. "म्हणून तर फाडली नाही. पण परतही दिली नसती. खोटं कशाला बोलू?"

साहेबांच्या चेहऱ्यावर मात्र तरतरी आली होती. "हे बघा, वही मिळाली, आनंद आहे. पण ही उद्या तशीच गेली तर मोठे मिस्त्री अडकतात, म्हणजे कंपनीच अडकते. त्यापेक्षा शांतपणे बसून काहीतरी मधला मार्ग..."

"साहेब," अण्णा म्हणाले, "पेन द्या."

साहेबांनी सवयीनं खिशातलं पेन काढून दिलं. अण्णांनी माझ्या हातातली वही घेतली, ते पान काढलं आणि आपल्या जुन्या सहीखाली आजची तारीख घालून सावकाश लिहिलं. 'वर गेलो नाही. चिठ्ठी दिली नाही.' खाली पूर्ण सही केली. मग पान मावशींपुढे धरलं. मावशींनी चष्मा लावून वाचलं आणि साक्षीदार म्हणून आपलीही सही ठोकली.

"झालं," अण्णा मला म्हणाले. "सुटलास तू."

मी पान वाचलं. वर माझी ओळ होती. 'ब्रेकचं लायनिंग झिजलं आहे. बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी.' स्वच्छ, वळणदार अक्षर. ते वाचताना तो दिवस डोळ्यांपुढे आला. वही मिटून मी खाली उतरलो होतो. अण्णा म्हणाले होते, "मी बघतो, तोवर चालू दे." लिफ्टचा मुख्य स्विच माझ्या हाताशी होता. बंद करायला कुणाची चिठ्ठी लागत नाही, सही लागत नाही. पण अण्णा म्हणाले चालू दे, म्हणून मी चालू ठेवली. त्यानंतर दीड महिन्यात एकदाही विचारलं नाही, चिठ्ठीचं काय झालं. विचारलं असतं तर अण्णांना कमीपणा वाटला असता ना!

आणि ती शिक्षिका रोज त्याच लिफ्टनं वर-खाली करत होती.

"पेन," मी म्हणालो.

"कशाला?" साहेब घाबरले. "अरे वेड्या, तुझ्या बाजूनं सगळं झालंय! आता काय आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोस?"

"पैलवान, नको," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे पहिल्यांदा भरले. "तुला मुलगी आहे. माझं काय, माझं झालं आता."

मी पेन घेतलं. वही मशीनवर टेकवली. अण्णांच्या सहीखाली लिहिलं, 'लिफ्ट बंद करणं माझ्या हातात होतं. मी केली नाही.' आणि सही केली.

मावशींनी तीही ओळ वाचली. मग किल्ली घेऊन त्या शटर उघडायला गेल्या.